रिचार्जेबल सेल घेताना आकड्याला भुलू नका

पाकिटावर २८०० एमएएच (सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचं माप) दिसलं की हात तिकडेच जातो. थांबा. साधे निकेल-मेटल हायड्राइड पेन्सिल सेल नुसते पडून राहिले तरी महिन्याभरात पाचवा हिस्सा, कधी त्याहून जास्त चार्ज गमावतात. दिवे गेले की नेमका टॉर्च मंद! तुम्हाला हवेत ‘लो सेल्फ-डिस्चार्ज’ प्रकारचे, म्हणजे पडून राहिले तरी चार्ज फारसा न गमावणारे. २००५ साली सान्यो कंपनीने ‘एनेलूप’ नावाचे सेल आणले, तिथून हा प्रकार रुळला. आता ते पॅनासॉनिककडे आहेत. डबल-ए (AA) म्हणजे पेन्सिल सेलच्या आकारात क्षमता साधारण २००० एमएएच, पण वर्षभर कपाटात ठेवूनही बहुतेक चार्ज शिल्लक राहतो. पाकिटावर ‘प्री-चार्ज्ड’ किंवा ‘रेडी टू यूज’ लिहिलंय का पाहा. ही बरीच भरवशाची खूण. जास्त क्षमतेचे ‘प्रो’ सेल मात्र त्यांच्या आयुष्यात तुलनेने कमी वेळा चार्ज करता येतात, घरात त्यांची गरज क्वचितच.

चार्जर स्वस्तातला नको. प्रत्येक सेल वेगळा तपासून आपोआप थांबणारा घ्या, नाहीतर चांगले सेलही लवकर मरतात. नवे-जुने एकत्र घालू नका. उन्हाळ्यात गाडीत ठेवू नका, उष्णतेने चार्ज भराभर उतरतो. आणि भिंतीवरच्या घड्याळाला साधा, रिचार्ज न होणारा सेलच बरा, तिथे रिचार्जेबलचे पैसे वसूल होत नाहीत.