अण्णांना बालीला न्यायचं, पण पैसे कुणाचे?

प्रश्न थोडक्यात असा. रावेर तालुक्यातला २९ वर्षांचा तरुण सिंगापूरला नोकरी करतो. वडील, म्हणजे अण्णा, वय ६३, केळीचे बागायतदार, माळकरी, रक्तदाबाची गोळी सुरू. ते पहिल्यांदाच मुलाकडे तीन आठवड्यांसाठी जाणार आहेत. त्यातले दहा दिवस दोघांनी पाठीवर बॅगा टाकून बाली बेट फिरावं, अशी मुलाची इच्छा आहे. शिक्षणकर्जाचे ६,४०,००० रुपये बाकी आहेत, व्याज १०.५ टक्के. या कर्जासाठी शेत तारण दिल्यामुळे सातबाऱ्यावर बँकेचा बोजा आहे. अण्णांच्या खात्यात फळपीक विम्याचे १,८०,००० आले आहेत आणि ते म्हणतात, 'यातूनच खर्च कर.' ते पैसे घ्यावेत, सहल सोडून सगळं कर्जात भरावं, की पगारातून जावं?

जा. पगारातून जा, आणि विम्याच्या पैशाला हात लावू नका.

अण्णांनी पैसे पुढे केले हे त्यांचं मोठेपण. पण ते पैसे आले कशामुळे? बागेचं नुकसान झालं म्हणून. ती त्यांची मिळकत नाही, पुढच्या लागवडीचं भांडवल आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात कांदेबागेची, म्हणजे त्या हंगामातल्या केळीची, लागवड आली की रोपं, ठिबकच्या नळ्या, खतं, मजुरी असं सगळं एकदम उभं राहतं. त्या वेळी खातं रिकामं असेल तर ते तुम्हाला फोन करणार नाहीत. गुपचूप व्यापाऱ्याकडून उचल घेतील आणि मग घड कापताना भाव ठरवायला त्यांच्या हातात काही उरणार नाही. या सहलीची ती किंमत फार मोठी होईल.

आता कर्ज. मी खर्चाचा आकडा १,४०,००० धरतो, तो कसा ते पुढे सांगतो. एवढ्या रकमेवर १०.५ टक्क्यांनी वर्षाला १४,७०० रुपये व्याज पडतं. घरखर्च, हप्ता आणि राखीव पैसे बाजूला ठेवून तुम्ही दरमहा ७०,००० जादा भरू शकता, असं लिहिलंय. म्हणजे सहलीमुळे कर्ज साधारण दोन महिने उशिरा फिटेल. ६३ वर्षांचा, गुडघे शाबूत असलेला बाप सोबत चालायला तयार असताना दोन महिन्यांचा उशीर मला मान्य आहे. ही सहल पाच वर्षांनी करू म्हटलं तर पैसे जास्त असतील, पण अण्णा तितके चालतील याची हमी कोण देणार?

शिक्षणकर्जाच्या व्याजावर करसवलत मिळते म्हणून कर्ज रेंगाळत ठेवा, असा सल्ला कुणी दिला असेल तर तो विसरा. ती सवलत भारतातल्या करपात्र उत्पन्नावर आणि जुन्या करप्रणालीतच मिळते. तुमचा पगार सिंगापूरचा, तुम्हाला तिचा उपयोग नाही. दर बदलता असेल तर मुदतीआधी फेडायला दंडही लागत नाही.

आता खर्च. तुमच्या यादीत डॉर्मिटरीतली खाट, भाड्याची स्कूटर आणि प्रवासविम्यासमोर शून्य आहे. पाठीवर बॅग घेऊन फिरायला माझा विरोध नाही. पण ही काटकसर पंचविशीतल्या शरीराची आहे. सहा जणांच्या खोलीत वरच्या खाटेवर अण्णा झोपणार नाहीत, आणि झोप झाली नाही तर रक्तदाब ऐकणार नाही. बालीत कुटुंबाने चालवलेले होमस्टे भरपूर आहेत. दोघांची खोली मी रात्री १,८०० धरली, नऊ रात्रींचे १६,०००. स्कूटरऐवजी जिथे लांब जायचं तिथे चार दिवस चालकासह गाडी, १४,०००. तिथे चालणारा दुचाकीचा परवाना नसताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते.

बाकीचं भराभर: अण्णांचं मुंबई-सिंगापूर जाऊन-येऊन विमान ३२,०००, दोघांचं सिंगापूर-बाली ३०,०००, जेवण १५,०००, बालीच्या सानूर किनाऱ्याहून जवळच्या नुसा पेनिडा बेटाची बोट ५,०००. भारतीय पारपत्रावर तिथे उतरल्यावर मिळणारा व्हिसा माणशी ५,००,००० रुपिया (इंडोनेशियाचं चलन) एवढ्याचा, शिवाय फेब्रुवारी २०२४ पासून माणशी १,५०,००० रुपियाची पर्यटक आकारणी. दोघांचे मिळून ७,००० रुपये धरा. अण्णांचा प्रवासविमा ५,०००, अडीअडचणीला १६,०००. झाले १,४०,०००.

यातल्या विम्याच्या पाच हजारांवर मी अडून बसेन. आयुष्मान कार्ड देशाबाहेर चालत नाही, साधी मेडिक्लेमही सहसा नाही. सिंगापूरच्या रुग्णालयात परदेशी पाहुण्याला दोन रात्री काढाव्या लागल्या तर सगळ्या सहलीचा खर्च लहान वाटेल. निघण्याआधी भारतातच पॉलिसी घ्या, संरक्षण निदान ५०,००० डॉलरचं, आणि अर्जात रक्तदाबाचा स्पष्ट उल्लेख करा. 'गोळी तर रोजचीच, काय लिहायचं' असं अण्णा म्हणतील. लिहायचंच. लपवलेल्या आजारावर दावा नाकारला जातो.

जळगावच्या एजंटकडून अख्खं पॅकेज घेऊ नका. परदेशी पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने खरेदीच्या वेळीच गोळा करायचा प्राप्तिकर, कापला जातो. अण्णांचं उत्पन्न फक्त शेतीचं, त्यावर प्राप्तिकर नाही. म्हणजे कापलेले पैसे परत मिळवायला त्यांना विवरणपत्र भरत बसावं लागेल. तिकीट, खोली सगळं तुमच्या कार्डावरून सिंगापुरातच करा. त्यांचा सिंगापूरचा व्हिसा बालीहून परत शिरायला चालेल असा, एकाहून अधिक प्रवेशांचा आहे ना, तेही पाहा.

महिना तिकिटाच्या भावावर ठरवू नका. मृगबागेची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या केळीची, लागवड आटोपून कांदेबाग सुरू व्हायच्या आत, म्हणजे ऑगस्टमध्ये, आणि पोळ्याआधी अण्णा घरी पोचतील असं जा. ऑगस्टमध्ये बालीत पाऊस कमी, गर्दी जास्त. खोली चार-पाचशेने महाग पडली तरी चालेल, कारण लागवडीच्या दिवसांत अण्णा शेतावर नसणं त्याहून महाग आहे.

जेवणाबद्दल एक सांगतो. तिथे साध्या भाजीच्या चटणीतही तेरासी, म्हणजे कोळंबीची आंबवलेली पेस्ट, घालतात. त्यामुळे माळकरी माणसासाठी स्वयंपाकघर वापरू देणारा होमस्टे शोधा. आणि बालीतल्या जातिलुविह गावाला एक पूर्ण दिवस द्या. डोंगरउतारावरची भातखाचरं आणि गावांनी मिळून पाणी वाटून घेण्याची 'सुबाक' पद्धत तिथे आहे, २०१२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात. पाटाच्या पाळीवरून भांडणं पाहिलेला शेतकरी तिथून लवकर हलणार नाही. केळीचे नाना प्रकार दिसतील, पण कंद पिशवीत टाकून आणू देऊ नका. परवानगीशिवाय लागवडीचं साहित्य आणता येत नाही, आणि इंडोनेशियात केळीचा टीआर-४ हा घातक मर रोग आहे. तो रावेरात येता कामा नये.

परतल्यावर पुढच्या पगारापासून ७०,००० पुन्हा कर्जात सुरू करा. शेवटचा हप्ता फिटला की बँकेकडून बेबाकी दाखला घ्या आणि तलाठ्याकडे बोजा कमी करण्याचा अर्ज अण्णांच्या सहीने द्या. कर्ज फिटलं तरी सातबाऱ्यावरची नोंद आपोआप जाईल असं धरून चालू नका. नवा उतारा काढून स्वतः वाचा.