लेन्स राहू दे, आधी बघायला शीक

अरे, घराच्या आतले फोटो काढायला कुठली लेन्स घेऊ, ही चौकशी नंतर कर. आधी आवडलेला एकच फोटो आठवडाभर बघ. इमारतींचे फोटो काढणाऱ्या ज्यूलियस शुलमनचा १९६० चा घे: लॉस एंजेलिसच्या टेकडीवरचं काचेचं घर, आत दोन बायका बसल्यात, खाली शहराचे दिवे. दिव्यांसाठी काही मिनिटांचं एक्स्पोजर, म्हणजे तेवढा वेळ शटर उघडं, मग बायकांसाठी फ्लॅश, दोन्ही एकाच फिल्मवर. आणि आपण म्हणतो, किती सहज टिपलाय!

बघताना एवढंच विचार:
- उजेड कुठल्या खिडकीतून येतोय?
- कॅमेरा किती उंचीवर आहे? बरेचदा डोळ्यांच्या खाली, टेबलाच्या थोडा वर.
- दाराच्या चौकटी सरळ उभ्या आहेत का?

नवशिके हमखास वाइड लेन्स लावून दहा बाय बाराच्या खोलीचं मंगल कार्यालय करतात. दुसरी चूक म्हणजे दिवसा ट्यूबलाइट चालू ठेवणं. दांडिया बाजारातल्या आमच्या घराचे माझे पहिले फोटो असेच, पितळी डबे निम्मे हिरवट, निम्मे निळे. दिवा घालवला, पडदा वीतभर सरकवला, तेव्हा कुठे डब्यांच्या कडा चमकल्या.

एचडीआर (कमी-जास्त उजेडाचे फोटो जोडून एक करणं) वगैरे सध्या नकोच. रविवारी सकाळी आजीच्या झोपाळ्याचा एक फोटो काढ आणि दाखव.