पैठणला गळाला लागलेला लांब चोचीचा मासा पाईक आहे का? शेततळ्यात पाईक पाळता येईल का?

नाही, तो पाईक नाही. पाईकचं अख्खं कुळ उत्तरेकडच्या थंड गोड्या पाण्यातलं: युरोप, सायबेरिया, उत्तर अमेरिका. आपल्या नद्यांत तो मुळातच नाही. तुम्ही लिहिलंय तशी पेन्सिलीहून बारीक चोच आणि दोन्ही जबडे लांब, म्हणजे हा इथलाच मासा. शास्त्रीय नाव झेनेन्टोडॉन कॅन्सिला. पाईकचं तोंड बदकाच्या चोचीसारखं चपटं असतं, अंग हिरवट आणि त्यावर फिकट ठिपके. घोटाळा होतो तो पाठीवरच्या परामुळे. दोघांचाही पर पार शेपटीजवळ असतो. दबा धरून एकाच झेपेत भक्ष्य गाठायचं तर रेटा मागूनच लागतो.

मी नाथसागराच्या काठावर वाढलो, वडील जाळं टाकायचे. पाईक कशी शिकार करतो ते बघताना मला आपली मरळ आठवते. तसंच पाणगवतात हालचाल न करता थांबणं, तसाच झपाटा. पण पिल्लांच्या बाबतीत दोघांत जमीन-अस्मानाचा फरक. पाईकची मादी वसंतात पाण्याखाली गेलेल्या गवतावर अंडी टाकते नि निघून जाते. पिल्लं जरा मोठी झाली की एकमेकांनाच गिळतात. मरळीची लालसर पिल्लं घोळक्यानं वर येतात, तेवढंच पाणी उकळल्यासारखं दिसतं, आणि खाली मोठी मरळ पहाऱ्यावर असते. लहानपणी मी त्या घोळक्यात हात घातला, तर तिनं अशी धडक दिली की बोटातून रक्त आलं. वडील म्हणाले, "लेकुरवाळी हाय ती, हात काढ."

शेततळ्यात पाईक आणायचा विचार मात्र कृपा करून सोडा. मे महिन्यात आपलं पाणी तापतं, त्यातला प्राणवायू घटतो. मरळ वर येऊन हवा घेते, पाईकला ते जमत नाही. शिवाय परका शिकारी मासा सुटला की आवरत नाही. कॅलिफोर्नियातल्या लेक डेव्हिसमध्ये कुणीतरी पाईक सोडले. ते संपवायला 1997 मध्ये तळ्यात विष टाकावं लागलं, आणि पुन्हा 2007 मध्येही.

मरळ पाळा. रोहू-कटल्याच्या बोटुकल्यांसोबत, म्हणजे बोटभर पिल्लांसोबत नको, मरळ त्यांना खाऊन टाकेल. आणि तळ्याभोवती जाळी लावा, पावसाळी रात्री ती बांधावरून सरपटत निघून जाते.