तुमचा प्रश्न : भाडं सत्तावीस हजार, हप्ता साडेबावीस, मग बदलापूरला जावं का?

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही लालबागला पुनर्विकासातल्या एका इमारतीत वन-आरके भाड्याने घेऊन राहतो. भाडं २७,००० रुपये. मी फोर्टला नोकरी करते, नवरा अंधेरीला. घरात सासूबाई आहेत, त्यांचे गुडघे दुखतात, आणि मुलगी पाच वर्षांची. बदलापूर पश्चिमेला बांधकाम चालू असलेल्या इमारतीत वनबीएचके ३२ लाखांना मिळतोय. २६ लाखांचं कर्ज वीस वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी काढलं तर हप्ता साधारण २२,५०० बसतो. भाड्यापेक्षा साडेचार हजार कमी आणि घर स्वतःचं, यात विचार कसला करायचा, असं नवऱ्याचं म्हणणं. सासूबाई मात्र ऑगस्ट २०२४ पासून बदलापूरचं नाव काढू देत नाहीत. जाऊबाई म्हणतात, तिकडे पाणी भरतं आणि शेजारी कोण कुठून आलेलं कळत नाही. तुम्ही तिथेच राहता म्हणून विचारते.
— र. ज., लालबाग

उत्तर : मी १९९८ साली परळहून बदलापूरला आले, तेव्हा आमच्या घरातही हेच वाक्य झालं होतं, यात विचार कसला करायचा. म्हणून तुमचं पत्र दोनदा वाचलं.

आधी ते साडेचार हजार बघू. सोसायटीचा देखभाल खर्च दोन-सव्वादोन हजार धरा. घर स्टेशनला चालत नसेल (आणि जाहिरातीतली ‘पाच मिनिटं’ कुणाच्या पायांनी मोजलेली असतात देव जाणे) तर शेअर रिक्षा. माणशी वीस रुपये, दोघांच्या जाऊन-येऊन चार फेऱ्या, महिन्याला दोन हजार. पासाचा फरक आणि नवऱ्याचं घाटकोपर-अंधेरी मेट्रोचं भाडं मिळून दीडेक हजार. आता तुम्ही सातच्या आत घरी येत असाल. तिकडे साडेआठ वाजतील. सासूबाईंच्या गुडघ्यांना रोज ओट्यापाशी उभं करायचं नसेल तर पोळ्यांना बाई आली, दोन हजार. झाले साडेसात हजारांच्या वर. शिवाय मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे; ती सवलत महापालिकेच्या हद्दीतली, बदलापूरला नगरपालिकेची घरपट्टी भरावी लागते. तेव्हा महिन्याला काही वाचणार नाही, उलट तीन हजार जादा जातील. घर मात्र तुमचं होईल, हे नवऱ्याचं म्हणणं खरं. फक्त ‘वाचतात’ हा शब्द त्यांनी सोडावा.

सुरुवातीच्या रकमेचंही थोडं. घर फक्त तुमच्या एकटीच्या नावावर घेतलंत तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. ३२ लाखांवर ३२ हजार. नोंदणी शुल्क ३० हजारांच्या वर जात नाही. बांधकाम चालू असलेल्या या आकाराच्या आणि किमतीच्या घराला एक टक्का जीएसटी आहे, भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार घराला तो नाही. मी असते तर तयार घरच घेतलं असतं. डोंबिवलीतल्या त्या ६५ इमारतींत लोकांनी महारेराचा (राज्याच्या गृहबांधणी नियामकाचा) नंबर बघूनच पैसे भरले होते, आणि पुढे कळलं की ज्या बांधकाम परवानगीवर तो नंबर मिळवला ती बनावट. तेव्हा नंबर बघून थांबू नका. परवानगीची प्रत घेऊन नगरपालिकेच्या नगररचना विभागात जाऊन ती त्यांनीच दिलीय का हे विचारा. एक रजा जाईल, जाऊ दे. आणि एजंट कांजूरमार्ग-बदलापूर मेट्रोचा नकाशा पुढे सरकवेल. जी गाडी आज धावत नाही तिचे पैसे आज देऊ नका.

पाण्याबद्दल तुमच्या जाऊबाई बरोबर आहेत, पण सगळ्या बदलापुराबद्दल नाही. उल्हास नदी पश्चिमेच्या अंगाला आहे. हेंद्रेपाडा, रमेशवाडी अशा सखल भागांत पाणी शिरतं, २००५ ला शिरलं, २०१९ ला शिरलं. त्या जुलैत महालक्ष्मी एक्सप्रेस इथून जवळच, वांगणीच्या अलीकडे, पाण्यात अडकली होती आणि हजारावर प्रवासी बोटींनी काढावे लागले. जलसंपदा विभागाने नदीची निळी आणि लाल पूररेषा आखलेली आहे. तुमचा सर्व्हे नंबर तिच्या कुठल्या बाजूला पडतो ते बघून घ्या. पण मला त्याहून भरवशाची एक खूण माहीत आहे. त्या रस्त्यावरच्या जुन्या इमारतींच्या जिन्यात डोकवा. विजेचे मीटर कुठे बसवलेत? तळाला, कमरेच्या उंचीवर असतील तर ठीक. जिना चढून पहिल्या मजल्याच्या वळणावर नेलेले असतील तर ते हौसेने नेलेले नाहीत. आमच्या ओळखीच्या एका किराणा दुकानदाराची खालची फळी दर जुलैत रिकामी असते. त्याला पूररेषा वगैरे काही माहीत नाही.

आता शेजार. २६ जुलै २००५ ला मी फोर्टच्या ऑफिसात अडकले. नवरा दौऱ्यावर. मुलगा नऊ वर्षांचा, शाळेतून येऊन घरी एकटा. फोन बंद. मी अठ्ठावीसला दुपारी, अर्धं अंतर चालत, घरी पोचले तेव्हा तो तळमजल्यावरच्या बाईंच्या चटईवर झोपलेला होता, म्हणजे आमच्याच मजल्याच्या जिन्यात, कारण त्यांचं स्वतःचं घर पाण्याखाली होतं. त्यांनी वर येताना गॅसची शेगडी, तांदळाचा डबा आणि माझा मुलगा एवढंच आणलं होतं. त्या मूळच्या कुठल्या, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. ‘आपली माणसं आहेत ना?’ असं घर बघताना विचारणारे लोक मला नेहमी भेटतात. मी सांगते, रात्री साडेनऊला जिन्यात दिवा लागतो का ते विचारा.

सासूबाईंची भीती मात्र झटकून टाकू नका. त्या ऑगस्टमध्ये इथल्या एका शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं, लोक रुळांवर उतरले, लोकल तासन् तास बंद राहिल्या. आम्हीही ते दिवस विसरलेलो नाही. कुठल्याही गावात मुलीला घालाल त्या शाळेला तोंडावर विचारा. स्वच्छतागृहात मुलींना कोण नेतं? तिथपर्यंत पुरुष कर्मचारी जातात का? व्हॅनमध्ये बाई असते का? मुख्याध्यापक उत्तर देताना चिडले तर दुसरी शाळा बघा. आणि एक हिशेब ठेवा : शाळेतून फोन आला तर लालबागला तुम्ही पाऊण तासात पोचता. इथे दोन तास लागतील.

हे दोन तासच खरं भाडं आहे. फास्ट लोकल मिळाली तरी सीएसएमटीला दीड तासाच्या आसपास, वर रिक्षाची रांग. तुमचं त्यातल्या त्यात बरं आहे. सकाळची बदलापूर लोकल इथूनच सुटते, संध्याकाळची सीएसएमटीहून सुटते, दोन्ही टोकांना डबा रिकामा येतो. अगदी रिकामा नाही. अंबरनाथच्या बायका डाऊन गाडीने उलट्या बदलापूरला येऊन ‘रिटर्न’ बसलेल्या असतात, त्यांच्याशी भांडू नका, ओळख करून घ्या. फोर्थ सीट, म्हणजे तिघींच्या बाकावर चौथीला टेकण्यापुरती जागा, तरी मिळेल.

नवऱ्याचं काय? त्यांना संध्याकाळी घाटकोपरला गाडीत शिरायचंय, जिथे सीएसएमटी, दादर, कुर्ला भरून आलेली असते. तुमच्या पत्रात याचा उल्लेखच नाही, त्यांनीही केला नसावा.

म्हणून माझं मत : टोकन देऊ नका. पुढचा अकरा महिन्यांचा करार लालबागला न करता बदलापूरला करा, त्याच भागात, भाड्याने. आताच्या निम्म्याहून कमी भाड्यात वनबीएचके मिळेल, एक पावसाळा निघेल, सासूबाईंना जिना चढवतो का तेही कळेल. तेवढाही धीर नसेल तर निदान एक आठवडा नवऱ्याला ऑफिस सुटल्यावर सात वाजता घाटकोपरहून बदलापूर फास्ट पकडायला सांगा. सुट्टीची नव्हे, ऑफिसची बॅग पाठीला लावून. इथे उतरून रिक्षाच्या रांगेत उभं राहायचं, त्या इमारतीपर्यंत जायचं, आणि तिथून लालबागला परत. शुक्रवारी रात्री जेवताना त्यांना विचारा, विचार कसला करायचा ते.