आजीला आधी वाट पाहू दे

प्रिय मित्रा,

तुझी मसाल्याची ॲड फिल्म काल रात्री तीनदा पाहिली. मनापासून केलेलं काम आहे, हे पहिल्या शॉटपासून कळतं. म्हणूनच मोकळेपणाने लिहिते.

नातू दारात येतो आणि चौथ्याच सेकंदाला आजीच्या डोळ्यांत पाणी. लगेच बासरी सुरू. आजी रडली, मी मात्र कोरडीच राहिले. तिला कशाची आस होती हे मला कळायच्या आतच तिने रडून घेतलं होतं. पडद्यावरच्या माणसाला काहीतरी हवं असतं. ते मिळेल की नाही याचा घोर आपल्याला लागला, की तो माणूस आपला होतो. डोळ्यांत पाणी त्यानंतर येतं. नाही आलं तरी चालतं.

कॅडबरी डेअरी मिल्कची 1994 ची क्रिकेटची जाहिरात पुन्हा बघ. सगळ्यांना मैदानात धावत जाऊन नाचणारी मुलगी आठवते. तू त्याच्या आधीचं बघ. फलंदाज 99 वर आहे, चेंडू उंच गेलाय, खाली क्षेत्ररक्षक झेलासाठी उभा आहे आणि प्रेक्षकांत बसलेल्या तिचा जीव टांगणीला लागलाय. तेवढे क्षण काढून टाकले, तर पुढचा नाच नुसता नाच उरतो. आणि चॉकलेट? ते तिच्या हातात आहे, एवढंच. 2021 मध्ये त्यांनी तीच जाहिरात नव्याने केली. या वेळी बॅट मुलीच्या हाती आणि नाचणारा मुलगा. तरीही बघताना श्वास तसाच अडकतो.

सिनेमात हेच सावकाश घडतं. संदीप सावंत यांचा 2004 सालचा ‘श्वास’ घे. कोकणातून आलेल्या आजोबांना कळलंय, की नातवाच्या डोळ्यांत कर्करोग आहे आणि जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. ऑपरेशनच्या आधी ते त्याला हॉस्पिटलमधून बाहेर नेतात, शहर दाखवतात. पोरगा हरखून बघतो आणि त्याची नजर जिथे जिथे जाते, तिथे आपल्या पोटात तुटतं. मला दरवेळी तिथेच भरून येतं, डॉक्टरांच्या खोलीतल्या प्रसंगांत नाही.

तुझ्याकडे तीस सेकंद आहेत. म्हणजे सेकंदाला 25 स्थिर चित्रं धरली, तर टीव्हीच्या 750 फ्रेम. बाराव्या सेकंदाला आजी मांडलेलं ताट पदराने पुन्हा पुसते. धुतलेलं, कोरडं ताट! सगळ्या फिल्ममधला सर्वांत खरा शॉट तो आहे आणि त्याला तू जेमतेम 15 फ्रेम दिल्यास. मसाल्याच्या पाकिटाला मात्र चार सेकंद. तो शॉट अगदी सुरुवातीला घे, नातू यायच्या आधी. तीन सेकंद तसाच राहू दे. मग तिची दाराकडे गेलेली नजर. फोडणीचा आवाज आपोआप येईल, पाकीट तिथेच ओट्यावर दिसेल, तेवढं पुरे.

संगीताच्या बाबतीत माझं एक ऐक. पहिल्याच वर्षी मी एका बाईंच्या शांत चेहऱ्यावर व्हायोलिन चढवलं होतं. क्लायंट खूश झाला. आईने घरी ती जाहिरात पाहिली आणि मान खाली घालून मेथी निवडत राहिली. तिने वर पाहिलं नाही, ते अजून डोळ्यांसमोर आहे.

शनिवारपर्यंत नवा कट पाठव. बासरी काढून टाक, आणि दाराची कडी वाजते तो आवाज नीट रेकॉर्ड करून घे.

तुझी,
ताई