जुन्या ऑनलाइन गेमसाठी स्वतःची क्वेस्ट लिहायची आहे. सुरुवात कुठून करू? आणि ती कोणी खेळेल का?

तुम्ही लिहिलंय की सिटी ऑफ हीरोज हा सुपरहीरोंचा ऑनलाइन गेम नुकताच खेळायला घेतलात, त्यातल्या मिशन आर्किटेक्टमध्ये, म्हणजे खेळाडूंना मोहिमा बनवायला दिलेल्या साधनात, स्वतःची कथा बनवायची आहे, डोक्यात पंधरा-वीस मोहिमांची महागाथा तयार आहे, आणि खलनायक असा की गेममध्ये आजवर कोणी पाहिला नसेल. वर शंका अशी, की 2004 सालच्या गेममध्ये हे खेळायला येणार कोण?

शंकेपासूनच सुरू करतो. येतात. मोजके येतात, पण येतात. मी 2020 च्या लॉकडाऊनमध्ये या गेमात शिरलो, म्हणजे तसा उशिराच. तेव्हापासून चार कथा चढवल्या. त्यातली एक साफ आपटली, दोन जेमतेम चालल्या, आणि एकीबद्दल अजूनही अधूनमधून कोणीतरी निरोप टाकतं. पुढचं सगळं त्या आपटलेल्या आणि त्या चाललेल्या कथेवरून शिकलेलं आहे.

आधी खेळायला येणारा माणूस कोण, ते बघा. हा गेम एप्रिल 2004 मध्ये आला, 30 नोव्हेंबर 2012 ला अधिकृत सर्व्हर बंद झाले. मधली काही वर्षं एक खासगी सर्व्हर गुपचूप चालू होता, ते 2019 मध्ये उघड झालं आणि त्यातूनच होमकमिंगसारखे सर्व्हर सगळ्यांसाठी खुले झाले. जानेवारी 2024 मध्ये होमकमिंगला गेमची मालक कंपनी एनसीसॉफ्टचा रीतसर परवाना मिळाला. खेळायला पैसे लागत नाहीत, खर्च देणग्यांवर भागतो. आता विचार करा, इतक्या सगळ्या उलथापालथीनंतर जो माणूस परत या गेममध्ये येतो, त्याने काय पाहायचं ठेवलं असेल? त्याला ॲटलस पार्क या सुरुवातीच्या वस्तीतला प्रत्येक कोपरा पाठ आहे. कुठल्या ऑफिसच्या नकाशात लिफ्ट कुठे लागते, हे तो झोपेत सांगेल. तुमचा न पाहिलेला खलनायक त्याच्या दृष्टीने गेममधल्याच शक्ती आणि गेममधलेच कपडे घातलेला आणखी एक बॉस आहे. चार सेकंदांत लोळवायचा.

म्हणून माझं म्हणणं असं: जुन्या गेममध्ये नवीन दाखवायच्या मागे लागू नका. तिथे तुमच्या हातात एकच भारी पत्ता आहे, आणि तो म्हणजे खेळाडूची ओळख. जे त्याने हजारदा पाहिलंय आणि कधीच नीट पाहिलं नाही, तेच त्याला पुन्हा बघायला लावा. कोकणात जत्रेतल्या दशावतारात संकासुर येणार हे सगळ्या गावाला माहीत असतं, तरी लोक थंडीत बसतात ना? आज तो काय बोलतो, यासाठी बसतात.

माझी पहिली कथा याच्या नेमकी उलटी होती. पाच मोहिमा, कारण एका कथेत त्याहून जास्त घालताच येत नाहीत. (तुमची पंधरा-वीसची महागाथा इथेच अडते. तीन-चार कथांत तोडून साखळी करता येते, पण पहिली संपवून दुसरी शोधून काढणारा खेळाडू मला तरी क्वचितच भेटला.) सगळे शत्रू मी स्वतः रंगवलेले, त्यांच्या शक्ती सगळ्यात कठीण पातळीवर नेऊन ठेवलेल्या, कारण मला वाटायचं कठीण म्हणजे दर्जेदार. प्रत्येक मोहिमेच्या आधी तीन-तीन परिच्छेदांचं भाषण. तिसरी मोहीम ओरानबेगाच्या नकाशावर. तुम्ही नवीन आहात म्हणून सांगतो, ओरानबेगा म्हणजे जमिनीखालचं भुलभुलैया शहर, जिथे जुने खेळाडूही शिव्या घालत फिरतात. त्यावर कडी म्हणजे मोहिमेची अट होती ‘सगळ्यांना हरवा’. एक चिल्लर मांत्रिक कुठल्यातरी कठड्यामागे अडकून राहिला की मोहीम संपायचं नाव नाही. एका भल्या माणसाने निरोप पाठवला, त्याचा अर्थ एवढाच होता: पाऊण तास शोधलं, मग सोडून दिलं. मी त्याच्यावर मनातल्या मनात चिडलो. मग स्वतः खेळून बघितलं. मीही सोडून दिलं.

चाललेली कथा पर्सची आहे.

ॲटलस पार्क ही बहुतेक नव्या नायकांची पहिली वस्ती. तिथल्या रस्त्यांवर हेलियन्स नावाच्या टोळीतले गुंड बायकांच्या पर्स ओढत असतात. बाई एका बाजूने ओढते, गुंड दुसऱ्या बाजूने. तुम्ही गुंडाला झोडपता, बाई आभार मानते आणि निघून जाते. थोड्या वेळाने तेच पुन्हा, नवी बाई, नवा गुंड. हा गेम खेळलेल्या जवळपास प्रत्येकाने पहिल्या दिवशी एखादी तरी पर्स वाचवलेली असते. आणि त्या पर्समध्ये आहे काय, असं मीही कधी स्वतःला विचारलं नव्हतं.

तर माझ्या कथेत काम देणारं पात्र म्हणजे यातलीच एक बाई. तिचं म्हणणं, माझी पर्स इतक्या वर्षांत इतक्या वेळा ओढली गेली, प्रत्येक वेळी कोणीतरी उडत येऊन वाचवली, पण ‘त्यांना ती कशाला हवी’ असं एकाही नायकाने विचारलं नाही. आता तुम्ही विचारा. बस, एवढीच प्रस्तावना. पाच ओळी. ती वाचून लोक हसतात, आणि हसलेला माणूस पुढची मोहीम घेतोच.

पहिल्या मोहिमेत हेलियन्सचं गोदाम आणि तिथे चकाकणाऱ्या वस्तू, ज्यांना खेळाडू ‘ग्लोई’ म्हणतात, त्या सगळ्या पर्स. इथे एक तांत्रिक गोष्ट लक्षात ठेवा, मला ती तिसऱ्या प्रयत्नात कळली. ‘वस्तू गोळा करा’ असं एकच काम ठेवून संख्या सहा दिलीत, तर सहाही वस्तूंमागे एकच मजकूर येतो. प्रत्येक पर्समध्ये वेगळं काही निघायला हवं असेल तर सहा वेगळी कामं मांडावी लागतात, प्रत्येकाला स्वतःचा मजकूर. फाइलच्या आकाराला मर्यादा असते, पण हे मजकुराचं वजन हलकं असतं. जागा खातात ते तुम्ही रंगवलेले शत्रू. म्हणून मी स्वतःचा एकही शत्रू बनवला नाही. हेलियन्स आहेत तसे घेतले.

त्याचा एक फायदा मला आधी सुचलाच नव्हता. हेलियन्स खालच्या लेव्हलचे गुंड. मोहिमेची लेव्हल शत्रूंच्या टोळीवरून ठरते आणि वरचा नायक आत शिरला की आपोआप खाली आणला जातो. म्हणजे पन्नासाव्या लेव्हलचा, सगळ्या शक्ती कमावलेला माणूस अचानक हातात मोजक्याच शक्ती घेऊन गोदामात उभा. वैतागायला हवा होता, पण बऱ्याच जणांनी उलटंच सांगितलं: पहिल्या दिवसाची आठवण झाली. हे श्रेय फुकट मिळालेलं आहे, पण आता मी ते मुद्दाम वापरतो.

तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या मोहिमेत बॉसशी लढाई नाही. एक पर्सचोर हेलियन स्कल्सच्या तावडीत सापडलाय. स्कल्स म्हणजे त्यांची प्रतिस्पर्धी टोळी. तुम्हाला त्याला सोडवायचंय. आर्किटेक्टमध्ये ‘ओलीस सोडवा’ हे तयार काम असतं, पहारेकरी दुसऱ्या टोळीचे ठेवता येतात. आयुष्यभर ज्याला झोडपलं त्याला वाचवायला लावायचं, आणि सुटल्यावर त्याला एकच वाक्य द्यायचं. ते वाक्य लिहायला मला आठवडा लागला. काय ते इथे सांगत नाही.

आता मजकुराबद्दल, कारण नवखे लोक इथेच सगळ्यात जास्त हरतात. मोहीम घेताना येणारी खिडकी लोक वाचतात, पण उभ्या उभ्या. टीम असेल तर नेता एकटा वाचतो, बाकीचे दारात थांबलेले असतात. त्यामुळे तिथे पाच-सात ओळींपलीकडे गेलात की संपलं. बॉसच्या तोंडी वाक्यं घालायला बऱ्याच जागा मिळतात: लढाई सुरू होताना, प्राण पाऊण उरल्यावर, निम्मे, पाव, मरताना. कागदावर हे फार नाट्यमय वाटतं. प्रत्यक्षात चांगल्या टीमसमोर बॉस इतक्या झटक्यात जातो की पाचही वाक्यं एकमेकांवर आदळतात आणि धमकीच्या आधीच शेवटचा श्वास येतो. दोन जागा भरा, बाकी रिकाम्या सोडा.

खरी जागा वेगळीच आहे. शत्रूंचा घोळका तुम्हाला पाहण्याआधी आपसात बोलतो, ते बोलणं. नायक दबकत कोपऱ्यावरून येतो, आणि दोन गुंड आपल्या पगारावरून, थंडीवरून, कालच्या मारावरून कुरकुरत असतात. हे सगळे वाचतात, कारण ते लढाईच्या आधी येतं आणि चोरून ऐकल्यासारखं वाटतं. माझ्या कथेचा निम्मा भाग या कुरकुरीत सांगितलाय. गस्तीवरच्या टोळ्यांनाही असं बोलतं करता येतं.

खेळाडूचं नाव मजकुरात आपोआप यावं म्हणून डॉलरच्या चिन्हाला जोडून ‘नेम’ लिहायची सोय आहे. वापरा, पण जपून. सुपरहीरो गेममध्ये लोक काय काय नावं ठेवतात ते तुम्ही बघितलंच असेल. गंभीर प्रसंगी म्हाताऱ्या बाईने एखाद्या अचरट नावाने हाक मारली की सगळा प्रसंग कोसळतो. मी संपूर्ण कथेत ते एकदाच वापरलंय, शेवटी.

नकाशाचं थोडक्यात: लहान घ्या. आतल्या नकाशांवर वस्तू पुढे, मध्ये की मागे हे सांगता येतं, उघड्या मैदानी नकाशांवर ती कुठेही जाऊन पडते आणि लोक शोधत बसतात. ‘सगळ्यांना हरवा’ कधीच नको. सोबत चालणारं पात्र द्यायचं असेल तर आधी स्वतः त्याच्यासोबत चालून बघा, ते दर वळणावर मागे राहतं. चाचणी घेताना अजिंक्य व्हायची सोय असते. एकदा झटपट फेरी मारायला ठीक, पण खरी चाचणी ती बंद करून, आणि तुमच्या सगळ्यात दुबळ्या पात्राने घ्या.

लोकांपर्यंत पोचायचं कसं, याबाबतीत मात्र मन घट्ट करा. आर्किटेक्ट एप्रिल 2009 मध्ये गेमात आला आणि खेळाडूंनी लगेच त्यात कथांऐवजी फार्म बांधले, म्हणजे झटपट लेव्हल वाढवायचे कत्तलखाने. तेव्हाच्या कंपनीने फटी बुजवल्या, कारवाई केली, पण सवय गेली नाही. आजही यादी उघडलीत की अंगावर येतात ते आगीच्या शक्तीवाल्या शत्रूंचे फार्म. तुमची कथा त्या गर्दीत कोणी आपणहून शोधणार नाही. वर्णनाच्या पहिल्या ओळीतच किती मोहिमा, एकट्याने जमेल का, अंदाजे किती वेळ, हे लिहा. मग चॅटमध्ये, खेळाडूंच्या गटांत स्वतः सांगा. दुसऱ्यांच्या कथा खेळा आणि त्यांना दोन नेमक्या ओळी कळवा. जिथे निवडक माणसं लिहितात तिथे देवाणघेवाणीवरच वाचक मिळतो. पहिल्या दिवशी कोणी एकच तारा दिला तर ती कथा पुसून पुन्हा चढवायच्या भानगडीत पडू नका. मी पडलो होतो. दुसऱ्यांदाही एकच आला.

आणखी एक काम, आळस न करता: कथेची फाइल स्वतःच्या संगणकावर ठेवा, तिची प्रतही दुसरीकडे ठेवा. 2012 मध्ये सर्व्हर बंद झाले तेव्हा चढवलेल्या कथा त्यांच्याबरोबर गेल्या. ज्यांच्या जुन्या डिस्कवर फाइल उरली होती त्यांना ती काही वर्षांनी पुन्हा उभी करता आली. स्टार ट्रेक ऑनलाइन आणि नेव्हरविंटर या दोन गेममध्ये फाउंड्री नावाचं असंच साधन होतं, आर्किटेक्टपेक्षा कितीतरी लवचीक. त्याची देखभाल झेपेना, तेव्हा 11 एप्रिल 2019 ला ते दोन्हीकडे बंद झालं. गेम चालू राहिले, चाहत्यांच्या क्वेस्ट गेल्या.

तुमच्या खलनायकाचं काय करायचं, तर त्याला टाकून देऊ नका. फक्त त्याला गेममधल्या एखाद्या ओळखीच्या, दुर्लक्षित गोष्टीशी बांधा. रोज ज्या पुतळ्याखालून सगळे उडत जातात तो पुतळा, नायकांना नको असलेली किरकोळ कामं देणारा एखादा कारकून, काहीही. तीन मोहिमांत बसवा. उरलेल्या बारा-सतरा वहीत राहू द्या.

चढवलीत की नाव इथे खाली लिहा, मी खेळेन. शनिवारी पहाटे साडेपाच-सहाला मी हमखास असतो, कारण तेव्हा अमेरिकेत शुक्रवारची रात्र असते आणि टीम पटकन जमते. घरचे म्हणतात एवढ्या लवकर तू व्यायामाला उठला असतास तर.