फौजेतून रिटायर झाल्यावर रोजच्या आयुष्यात कशाची सगळ्यात जास्त आठवण येते?

प्रश्न विचारणाऱ्या भावाने खाली लिहिलंय, "वर्दी, बंदूक की मित्र, नक्की काय?" तर बंदूक अजिबात नाय. अर्धी नोकरी तिला तेलपाणी करण्यातच गेली. वर्दी कपाटात आहे, पँट आता कमरेला लागत नाही, विषय संपला. मला आठवते ती संध्याकाळची गिनती.

मी मराठा लाइट इन्फंट्रीचा. १९८४ ला बेळगावला भरती झालो आणि २००८ ला हवालदार म्हणून पेन्शनवर आलो. भरती का झालो तर वडील लालबागला गिरणीत, ८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला, आज उद्या मिटेल करत दोन वर्षं गेली आणि घरात खाणारी तोंडं पाच. देशप्रेम वगैरे नंतर आलं, आधी पोट होतं, खोटं कशाला बोलू.

तर गिनती. संध्याकाळी रोल कॉलला सगळे फॉलिन व्हायचे, एक, दो, तीन करत आवाज शेवटपर्यंत जायचा आणि एक जरी आकडा कमी आला तरी कोणी लंगरकडे हलायचं नाही. बहुतेक वेळा तो भाऊ एसटीडीच्या लाईनीत घरी फोन लावायला उभा असायचा, मग त्याला शिव्या, आम्हाला थंड चपात्या. तेव्हा वैताग यायचा खूप. सियाचीनला गेलो तेव्हा कळलं हे कशासाठी. तिथे बर्फात फटी असतात, वरून दिसत नाहीत, म्हणून सगळे एकाच दोरीला बांधून चालतात, दोर सैल पडला म्हणजे पुढचा थांबलाय आणि जोरात झटका बसला म्हणजे पुढचा गेला फटीत, तुम्ही तिथल्या तिथे आडवं पडून कुऱ्हाड बर्फात रोवायची. वर संत्रं दगडासारखं होतं, दाढीवर बर्फ धरतो, हे सगळं लोक आवडीने ऐकतात. मला मात्र कमरेला बसणारा तो दोर आठवतो. तुम्ही दिसत नसलात तरी कोणाला तरी माहीत असतं की तुम्ही आहात.

(लोकांचे आवडते प्रश्न दोनच. एक, "किती जणांना मारलं?" याला मी उत्तर देत नाही. दुसरा, "दादा, कॅन्टीनमधून काही मिळेल का?" मी स्वतः पीत नाही हे कळल्यावर तर आमच्या चाळीत मला इतके मानलेले भाऊ निघाले की विचारू नका.)

रिटायर झाल्यावर लोअर परळला एका काचेच्या ऑफिसात सिक्युरिटी सुपरवायझर होतो. जागा जुन्या गिरणीची, चिमणी तेवढी ठेवलीय शोभेला. तिथे पण माणसं मोजतात, गेटवर कार्ड टेकवलं की मशीन टिंग करतं, पण ते पगार कापायला. एक पोरगा आठवडाभर आला नाही, मी विचारलं तर त्याच्याच शेजारी बसणारा म्हणाला, "अच्छा, नाय आला का?" घरी येऊन बायकोला सांगितलं तर म्हणाली, ही मुंबई आहे, तुमची पलटण नाय.

पण तिलाच २००५ ची आठवण करून दिली. २६ जुलैला मी छुट्टीवर चाळीत होतो. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, लोकल बंद, फोन लागेनात, गॅलऱ्यांमध्ये बायका नुसत्या उभ्या. मला काय सुचलं देव जाणे, गणपती मंडळाचा फळा बाहेर आणला आणि खोलीवार नावं लिहायला घेतली, कोण बाहेर आहे, ऑफिस कुठे, शेवटचा फोन कधी. बेचाळीस नावं झाली. जो येईल त्याचं नाव पुसायचं. रात्रभर लोक येत होते, अंधेरीवरून चालत, कुर्ल्यावरून कमरेएवढ्या पाण्यातून, आणि प्रत्येक वेळी वरच्या मजल्यावरून कोणीतरी ओरडून विचारायचं, "किती राहिले?" दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटचा आला, साकीनाक्यावरून, हातात एकच चप्पल. अख्खी चाळ खाली उतरली त्याला बघायला, तो बिचारा लाजून खोलीत पळाला. तोपर्यंत माझी चूल पण पेटली नव्हती आणि शेजारच्यांची पण.

ती चाळ पाडली, आता टॉवर झालाय, आम्ही सतराव्या मजल्यावर. लिफ्ट आहे, पाणी चोवीस तास आहे, तक्रार नाही काही. फक्त समोरच्या दारामागे किती माणसं राहतात ते मला सांगता येणार नाही.

बाकी आमच्या प्लाटूनचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, एकतीस नंबर. सकाळी उठल्यावर ज्याने त्याने "राम राम" टाकायचं, गुड मॉर्निंगचे फोटो चालत नाहीत, सक्त मनाई. एकतीसपैकी चार जण आता नाहीत, त्यांचे नंबर काढायचं अॅडमिनला जमलं नाही आणि आम्ही पण कोणी म्हटलं नाही. म्हणजे रोजचे सत्तावीस यायला पाहिजेत. आज आत्ता हे लिहितोय तोवर सव्वीस झालेत. साताऱ्याकडचा एक बाकी आहे, त्याला साखरेचा त्रास आहे आणि सकाळी शेतावर जायची खोड पण आहे. दहापर्यंत वाट बघतो, नाहीतर फोन लावतो.